साडेअकराचे दाते

टपाल तिकिटाच्या कडेला दोन सेंटिमीटर लांबीत जितकी भोके बसतात, तो आकडा म्हणजे त्याचे पर्फोरेशन. लग्राँ या फ्रेंच डॉक्टरांनी १८६६ मध्ये मांडलेले हे माप कॅटलॉगांत आजही चालते. पर्फोरेशन गेजवर, म्हणजे निरनिराळ्या मापांच्या भोकांच्या रांगा छापलेल्या पट्टीवर, तिकीट सरकवत कडेचे दाते जुळवण्याची सवय मला जुनी आहे. पण प्रश्न पाव-अर्ध्याचा असला की डोळा आपल्याला हवा तोच आकडा वाचतो, हे ध्यानात आल्यापासून मी स्कॅनर वापरू लागलो.

सुरुवात केली ती १५ ऑगस्ट १९४८ रोजी निघालेल्या गांधी मालिकेतल्या दीड आण्याच्या तिकिटापासून. स्वित्झर्लंडच्या कुर्व्हॉजिए छापखान्यात छापलेल्या या मालिकेचे पर्फोरेशन ११½ आहे. भोके स्पष्ट दिसावीत म्हणून तिकिटामागे काळे कार्ड ठेवले आणि १२०० डीपीआयवर, म्हणजे इंचाला १२०० पिक्सेल या हिशेबाने, स्कॅन केले. या रिझोल्यूशनला दोन सेंटिमीटर म्हणजे सुमारे ९४५ पिक्सेल होतात. वरच्या कडेच्या पहिल्या भोकाच्या मध्यापासून तेराव्या भोकाच्या मध्यापर्यंत, म्हणजे बारा अंतरांचे, ९८६ पिक्सेल भरले. एका अंतराला ८२.१७, आणि ९४५ला त्याने भागले की उत्तर साडेअकरा. एकेक भोक न मोजता शक्य तितकी लांब रांग घ्यावी, कारण भोकाचा मध्य ठरवताना होणारी एक-दोन पिक्सेलची चूक मग बारा ठिकाणी वाटली जाते.

उभ्या कडेने मात्र गोंधळ घातला. तिथे त्याच बारा अंतरांचे ९९२ पिक्सेल आले, म्हणजे ११.४३. याच मालिकेतल्या दहा रुपयांच्या तिकिटाच्या नकला बाजारात फिरतात, त्यामुळे मनात नाही म्हटले तरी पाल चुकचुकली. शेवटी तिकीट काटकोनात फिरवून पुन्हा स्कॅन केले, तेव्हा उभी कड निमूटपणे साडेअकरावर आली आणि जादाचे सहा पिक्सेल आडव्या कडेकडे गेले. दोष तिकिटाचा नव्हताच. स्कॅनरचा दिवा ज्या दिशेने सरकतो, त्या दिशेला माझे यंत्र सुमारे ०.६ टक्के लांब मोजत होते. तेव्हापासून तिकिटाच्या दोन्ही बाजूंना एकेक स्टीलची पट्टी ठेवूनच मी स्कॅन करतो आणि डीपीआयच्या आकड्यापेक्षा पट्टीवरच्या मिलिमीटरवर विश्वास ठेवतो.

व्हॉट्सॲपवर आलेल्या चित्रांचा या मोजणीला काहीच उपयोग नाही, कारण त्यांचे पिक्सेल वाटेत घटलेले असतात आणि शेजारी पट्टीही नसते.

तुलनेसाठी मात्र आकडेमोडीचीही गरज पडत नाही. एकाच यंत्रावर, एकाच दिशेने ठेवून स्कॅन केलेली दोन तिकिटे संगणकावर एकावर एक ठेवावीत, वरचे निम्मे पारदर्शक करावे आणि एका कोपऱ्यातले भोक जुळवावे. पर्फोरेशन सारखे असेल तर दुसऱ्या टोकापर्यंत भोकांवर भोके बसतात. १४ आणि १३½ असतील, तर नवव्या-दहाव्या भोकापाशीच एकाच्या भोकावर दुसऱ्याचा दाता जाऊ लागतो. तिकिटाची मुळातली बिनभोकांची सरळ कड लपवण्यासाठी एकाच बाजूला मागाहून पाडलेली भोकेही अशीच उघडी पडतात.