वरची बाजू

"माहेरची अंगाकडं ठिवू का सासरची?"

कळव्यातल्या गोधडीवाल्या मावशींनी हे इतक्या सहज विचारलं की मी गप्पच. आईच्या दोन साड्या घेऊन गेले होते. एक आजीने दिलेली हिरवी, दुसरी सासरहून आलेली, पदराला जर निघालेली. मावशींचा धावदोरा सुरूच.

तिथूनच आईला फोन लावला. ती म्हणाली, "दोन्ही आत घाल. वर ती जांभळी लाव, राम मारुती रोडवर घेतलेली."

जांभळी? ती तर साधी सुती, वन रूमचा ताबा मिळाला तेव्हाची.

उत्तर कन्नडमधल्या सिद्दी बायका अशाच जुन्या कपड्यांची कवंदी, म्हणजे त्यांची गोधडी, शिवतात. पूर्वज आफ्रिकेतून आलेले. कडेपासून सुरुवात करून फिरत फिरत मध्यावर येतात, आणि चारही कोपऱ्यांना कापडी 'फुलं' लावल्याशिवाय कवंदी पुरी होत नाही. आता त्या प्रदर्शनात भिंतीवर टांगतात म्हणे. टांगोत बापडे, आमची मात्र पांघरायलाच.

पण चाळीस वर्षं आईचं 'आमच्याकडे' म्हणजे वाई. पापड आमच्याकडचे, पाऊससुद्धा आमच्याकडचा.

मग ही जांभळी वर कधी आली?