उचलली जीभ, लावली रीडला (नोंद ७)

टेनर सॅक्सोफोनवर ‘माय फनी व्हॅलेंटाइन’ हे गाणं बसवतेय; मागच्या नोंदीत त्याला शिव्या घालून थांबले होते. सहा आठवडे एकच हेड (गाण्याची मूळ चाल), आणि रेकॉर्डिंग ऐकलं की दर वेळी वाटायचं, कुणीतरी पाढे म्हणतंय. काल रात्री ते सुटलं. अर्धंच सुटलं म्हणा, कारण ब्रिज (गाण्याचा मधला, वेगळ्या चालीचा भाग) अजून छळतोय.

दोष रीडचा, म्हणजे फुंकल्यावर थरथरणाऱ्या पातळ पट्टीचा, नव्हता. (पावसाने दोन वाकड्या झाल्या, आणि एका ऑनलाइन दुकानाने अडीचऐवजी साडेतीन नंबरच्या, म्हणजे जास्त कडक, पाठवल्या. त्या फुंकून कानशिलं दुखली, ते वेगळं.) माउथपीस बदलायचं खूळही डोक्यातून गेलं. पैसे वाचले.

दोष असा, की माझ्या लीड शीटवर (चाल लिहिलेल्या कागदावर) शब्दच नव्हते. टेनरवर गाण्याची पट्टी डी मायनर. सुरुवातीचे सहा सूर डी, ई, एफ एवढ्यातच घुटमळतात आणि तो साचा परत परत येतो. मी सगळीकडे एकसारखं टंगिंग (जीभ लावून सूर सुटा काढणं) करत होते. काल गीतकार लॉरेन्झ हार्टचे शब्द पेन्सिलने सुरांखाली लिहायला बसले. पहिल्या सहा सुरांवर ‘माय फनी व्हॅलेंटाइन’, म्हणजे तीन शब्द. दुसऱ्या ए भागात, म्हणजे तो साचा पुन्हा सुरू होतो तिथे, तसल्याच सहा सुरांवर एकच शब्द: ‘अनफोटोग्राफेबल’! त्या बिचाऱ्या शब्दाचे मी जिभेने सहा तुकडे पाडत होते. आता पहिल्या सुराला जीभ, पुढचे पाच स्लर (जीभ न लावता जोडून). आणि आधीच्या ओळीतल्या ‘लाफेबल’शी यमक जुळतं ते चौथ्या सुरापासून, म्हणून वजन तिथे. पहिल्याच टेकला अंगावर काटा आला.

संगीतकार रिचर्ड रॉजर्सची चाल बहुतेकदा आधी तयार असे आणि हार्ट तिच्यावर शब्द बसवी. म्हणजे या चालीचं पहिलं फ्रेजिंग (सुरांची वाक्यं पाडणं) हार्टचंच. नाट्यपदं ऐकत वाढलेल्या बाईला हे कळायला सहा आठवडे लागावेत! गाणं १९३७ च्या ‘बेब्स इन आर्म्स’ या नाटकातलं, तिथे व्हॅलेंटाइन हे पात्राचंच नाव. जॅझ कलाकार चेट बेकरने १९५२ मध्ये सॅक्सोफोनवादक जेरी मलिगनच्या चौकडीत ते नुसतं ट्रंपेटवर वाजवलं, १९५४ मध्ये गायलं. दोन्ही पाठोपाठ ऐका. मला तर आधीच्या ट्रंपेटमध्येही शब्द ऐकू येतात.

आता ब्रिज. ओळी प्रश्नांच्या, शेवटी ‘ग्रीक’, ‘वीक’, ‘स्पीक’ अशी तीन यमकं लागोपाठ, मग ‘स्मार्ट’ एकटाच. मी प्रत्येक यमकाला श्वास घेत होते आणि तिथेच फसत होते. पहिले दोन प्रश्न आपापल्या जागी पुरे होतात, पण ‘स्पीक’वर वाक्य संपतच नाही, ते ‘स्मार्ट’ला जाऊन टेकतं. तेव्हा ‘वीक’नंतर पोटभर श्वास आणि मग थेट शेवटापर्यंत. मेट्रोनोम ६६ वर (मिनिटाला ६६ ठोके) जमतंय. ५६ वर, म्हणजे आणखी संथ, ‘स्मार्ट’ येईतो हवा संपते आणि सूर खाली बसतो. बॅकिंग ट्रॅकचा (साथीच्या रेकॉर्डिंगचा) ड्रमर तर अशा वेळी अगदीच निर्दयी वाटतो.

हे लिहिता लिहिता ब्रिज मोठ्याने बोलून पाहिला. बोलताना ‘व्हेन यू ओपन इट टू’ आपोआप थोडं घाईने निघतं! तसंच वाजवलं तर अर्धा श्वास वाचेल. थांबा, बघते.

वाचला. ६० वर तीनदा जमलं, चौथ्यांदा शेजारच्या काकूंनी भिंत वाजवली.

तर बेत बदलला. टेनरवादक डेक्स्टर गॉर्डन बॅलड (संथ गाणं) वाजवण्याआधी तिचे शब्द म्हणून दाखवायचा. शनिवारच्या बैठकीत मीही म्हणणार, हसलात तरी चालेल. पुढचं गाणं, हार्टचंच ‘हॅव यू मेट मिस जोन्स’, केवळ ब्रिजसाठी घेतलं होतं. तिथे दर दोन बारला (मात्रांच्या गटांना) पट्टी बदलते, बोटांना छान व्यायाम. पण यावेळी आधी शब्द लिहून काढले. ब्रिजच्या पहिल्याच ओळीत गाणारा म्हणतो, एकाएकी माझा श्वासच हरवला.