छत्री परत आणायला निघालेला तोयोओ : वाचननोंद, कथा सातवी

जपानी लेखक उएदा अकिनारीच्या ‘उगेत्सु मोनोगातारी’तील (१७७६) नऊ कथांपैकी सातवी, ‘जासेई नो इन्’, या आठवड्यात तिसऱ्यांदा वाचून झाली. अनुवादाशेजारी मूळ जपानी उघडे ठेवून वाचत असल्यामुळे गाडी रखडतच चालली आहे.

शीर्षकातील ‘इन्’ म्हणजे कामवासना, आणि तीही सर्पाची. त्यामुळे आधीच्या दोन्ही वाचनांत बाईच्या रूपात वावरणाऱ्या मानागो या नागिणीचे बिंग कधी फुटते, एवढ्याचीच मी वाट पाहत राहिलो. या वेळी नजर छत्रीवर अडकली. गुरूंकडून मागून आणलेली छत्री कथानायक तोयोओ कोळ्याच्या झोपडीत आडोशाला आलेल्या मानागोला देतो आणि स्वतः झोपडीवाल्याचे गवती इरले घेऊन घरी परततो. त्या रात्री तो स्वप्नात तिच्या घरी जातो. सकाळी निघतो तो छत्रीचे निमित्त करून. शिंगू गावात तिचे घर कोणालाच ठाऊक नसते, दुपार कलते, तरी हा विचारत हिंडतोच, आणि अखेर सापडते ते घर हुबेहूब स्वप्नातले असते. मोहिनी नागिणीची खरी, पण वणवण तोयोओने आपल्या पायांनी केली. पुढे योशिनोत भेटलेला वृद्ध त्याला नेमके हेच सुनावतो, की तुझेही मन खंबीर नव्हते.

कथेचा सांगाडा चिनी श्वेतनागिणीच्या दंतकथेचा असला, तरी अकिनारीने शेवट दोजोजी मंदिराशी नेऊन जोडला आहे, जिथल्या दंतकथेत प्रेमात फसवली गेलेली कियोहिमे सर्पीण होऊन घंटेखाली लपलेल्या भिक्षूला जाळते. इथे त्याच मंदिराचा भिक्षू मानागोला लोखंडी पात्रात कोंडून पुरतो. तिला आवरण्यासाठी तो मोहरीचा वास मुरलेली ‘केसा’ देतो. ‘केसा’ म्हणजे आपले काषाय वस्त्र, आणि ज्या ‘गोमा’ विधीत मोहरी जाळतात तो आपला होम. दृष्ट काढताना मीठ-मोहऱ्या ओवाळणाऱ्या घरात वाढलेल्याला इथे टीप लागत नाही.

खटकते ते एकच. मानागो जिच्या अंगात शिरली, त्या तोमिकोचा, तोयोओच्या नव्या बायकोचा, मृत्यू अकिनारी एका ओळीत उरकतो आणि लगेच तोयोओ सुखरूप राहिल्याचे सांगतो. लग्नाच्या दुसऱ्याच रात्री जिच्या तोंडून दुसरीच बाई बोलू लागली, तिला स्वतःला काय हवे होते, हे कथेत कोणी विचारतच नाही. वहीत त्या ओळीसमोर प्रश्नचिन्ह करून ठेवले आहे.

पुढची कथा ‘आओझुकिन’ : लाडक्या सेवक-मुलाचे प्रेत खाणारा मठाधिपती. ती रात्री वाचायची नाही, एवढे ठरवले आहे.