"काळजी घेता येत नाही का?" हा प्रश्न एकट्या मलाच का

मी गर्भपातासाठी गेले होते. डॉक्टरबाईंनी सोनोग्राफीचा रिपोर्ट बघितला, चष्मा काढला आणि मला म्हणाल्या, "एवढ्या शिकलेल्या आहात, काळजी घेता येत नाही का?" नवरा माझ्या शेजारच्याच खुर्चीत बसला होता. त्याच्याकडे त्यांनी बघितलं सुद्धा नाही. ते वाक्य माझ्या डोक्यातून अजून गेलेलं नाही आणि म्हणूनच हे सगळं लिहायला बसलीये, कारण माझ्यासारख्या कितीतरी जणी हेच ऐकून गप्प घरी येत असणार.

आधी सगळं नीट सांगते. आम्ही पुण्यात राहतो, सासर सातारा जिल्ह्यातल्या एका गावात. मी पतसंस्थेत नोकरी करते, एक मुलगी आहे, तेव्हा सात वर्षांची होती. एकच मूल हे आमचं दोघांचं लग्नानंतर दोन वर्षातच ठरलेलं. बाळंतपणानंतर मी तांबी बसवली होती पण अंगावरून इतकं जायचं की हिमोग्लोबिन नऊवर आलं, मग ती काढून टाकली आणि तेव्हापासून कंडोम. म्हणजे काळजी घेतच होतो. पण कंडोम फेल जातो, कधी कळतं कधी कळतही नाही, आम्हाला कळलं नाही त्यामुळे ती बहात्तर तासातली गोळी घ्यायचा प्रश्नच आला नाही.

जून २०२३. शाळा नुकत्याच सुरू झालेल्या, पाळी चुकली तर मला वाटलं धावपळीमुळे असेल, आठ दिवस तशीच काढली. मग किट आणलं. नवरा किचनमध्ये पोरीच्या डब्याला पोळीचा रोल करत होता आणि मी बाथरूमच्या दारात ती पट्टी घेऊन उभी. त्याने गॅस बंद केला आणि पहिलं वाक्य बोलला ते "तुला काय वाटतं?" हे मी त्याच्या बाजूने मुद्दाम लिहितेय, कारण पुढे जे झालं त्यात तो माझ्यासोबत होता, तरी त्याच्या वाट्याला काहीच आलं नाही.

मला काय वाटतं हे मला लगेच माहीत होतं. नको होतं. माझ्या जिवाला धोका वगैरे काही नव्हता, बाळात काही दोष निघाला होता असंही नाही. घराचे हप्ते चालू, बाळंतपणात चार वर्षं मागे पडलेली नोकरी आत्ता कुठे मार्गी लागलेली, आणि मुळात आम्हाला एकच मूल हवं होतं. बायका गर्भपाताचं सांगताना नेहमी एखादं मोठं कारण पुढे करतात, करावंच लागतं, नाहीतर लोक ऐकून घेत नाहीत. माझ्याकडे तसं कारण नव्हतं आणि नसलं तरी निर्णय माझाच होता असं मी आजही मानते.

आधी सोनोग्राफी केली. ऑफिसमधली एकजण म्हणाली होती की कशाला डॉक्टरकडे जातेस, मेडिकलमधून गोळ्या आण आणि मोकळी हो. कृपा करून असं करू नका. गर्भ पिशवीतच आहे की नळीत राहिलाय हे सोनोग्राफीशिवाय खात्रीने कळत नाही, आणि नळीत असेल तर या गोळ्यांनी काही होत नाही, नळी फुटली तर जिवावर बेतू शकतं. शिवाय किती आठवडे झालेत हे कळल्याशिवाय गोळ्या चालतील की नाही हे सांगताच येत नाही.

सोनोग्राफी सेंटरला भिंतीवर तोच बोर्ड, इथे गर्भलिंगनिदान केले जात नाही, तो कायद्याने गुन्हा आहे. काउंटरवरची मुलगी फॉर्म भरत होती. मुलं किती? एक. मुलगा की मुलगी? मुलगी. तिने मान वर करून माझ्याकडे बघितलं. मला समजलं ती काय विचार करतेय, एक मुलगी आहे आणि ही आता पाडायला निघालीये. मला राग आला पण तिच्यावर नाही, कारण आपल्या महाराष्ट्राने देशात सगळ्यात आधी १९८८ ला लिंगनिदानाविरुद्ध कायदा केला तो उगाच नाही केला, आपल्याकडे मुलींचं काय केलं गेलंय हे आपल्याला माहीत आहे. पण साडेसहा आठवड्यांवर सोनोग्राफीत मुलगा की मुलगी हे कुणालाच दिसत नाही. मुलगी म्हणून गर्भ पाडणं हा गुन्हा, आणि नको असलेलं गरोदरपण मुदतीत डॉक्टरकडून थांबवून घेणं याला १९७१ च्या कायद्याने परवानगी आहे, हे दोन वेगळे कायदे आहेत. लोकांच्या डोक्यात त्यांची खिचडी झालीये, कितीतरी मेडिकलवाल्यांच्याही, म्हणून चिठ्ठी असली तरी ते या गोळ्या ठेवायला घाबरतात.

आतल्या डॉक्टर म्हणाल्या "हार्टबीट आलेत." मी स्क्रीनकडे बघितलं नाही. हे लपवणार नाही, त्या रात्री मी रडले. रडले म्हणजे निर्णय चुकला असं नाही.

मग ते पहिलं हॉस्पिटल. काळजी घेता येत नाही का वगैरे झाल्यावर त्या म्हणाल्या घरी चर्चा करा, दुसरं असावंच, मुलीला सोबत होते, चार दिवसांनी या आणि नवऱ्याची सही लागेल. नवरा म्हणाला "मी इथेच आहे, देतो सही." तरी चार दिवसांनीच. आम्ही बाहेर आलो तर रिसेप्शनला एक मुलगी उभी होती, असेल एकवीस बावीस वर्षांची, एकटीच. तिला सांगत होते की घरून कुणाला तरी घेऊन ये, नाहीतर होणार नाही. तिने रिपोर्टची घडी केली, मग अजून एक घडी केली, इतकी लहान की तो मुठीत मावला, आणि पावसात निघून गेली. छत्री पण नव्हती तिच्याकडे.

मला तेव्हा नियम माहीत नव्हता. घरी येऊन वाचला आणि मन खाऊ लागलं. बाई अठरा वर्षांच्या वर असेल तर फक्त तिची सही लागते. नवऱ्याची, आईवडिलांची, सासूची, कुणाची नाही. वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं, वीस ते चोवीसमध्ये काही ठराविक बायकांसाठी दोघांचं. आधी कायद्यात गर्भनिरोधक फेल गेल्याचं कारण फक्त विवाहित बाई आणि तिच्या नवऱ्यापुरतं होतं, २०२१ च्या दुरुस्तीत ते बदलून बाई आणि तिचा जोडीदार असं झालं. आणि २९ सप्टेंबर २०२२ ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की वीस ते चोवीस आठवड्यांच्या सवलतीतही लग्न न झालेल्या बाईला वगळता येणार नाही. बाईचं नाव बाहेर फोडलं तर शिक्षा सुद्धा आहे. हे सगळं मला त्या रिसेप्शनपाशी माहीत असतं तर मी त्या मुलीला थांबवलं असतं. तिचं पुढे काय झालं माहीत नाही आणि त्याचा विचार अजून येतो.

एक गोष्ट मात्र कायदा वाचताना खटकली ती म्हणजे हा तुमचा हक्क आहे असं तो थेट म्हणत नाही. डॉक्टरने चांगल्या हेतूने मत दिलं पाहिजे, मग होतं. म्हणजे शेवटी पेन डॉक्टरच्या हातात. बाई समोर अर्जदारासारखी बसते आणि म्हणूनच प्रत्येकाला तिला दोन शब्द सुनवायची मुभा मिळते असं मला वाटतं.

त्या चार दिवसात नवऱ्याने त्याच्या बहिणीला सांगितलं. माझ्या नणंदेला, ताईला. लग्नाला नऊ वर्षं झालीत, दोनदा आयव्हीएफ करून झालंय, दोन्ही वेळा राहिलं नाही. तिचा फोन आला. आधी शांतपणे बोलली, मग म्हणाली, "तुला नकोय ना? जन्म दे आणि मला दे. मी काही मागितलंय का तुझ्याकडे आजपर्यंत?"

यावर मी काय बोलणार होते. फोन कानाला लावून गॅलरीत उभी होते, वाळत घातलेले कपडे पावसाने परत भिजत होते, ते काढायचं पण सुचलं नाही. ती म्हणाली "जीव आहे गं तो, जबाबदारी घ्यायची नव्हती तर..." आणि पुढचं वाक्य तिने सोडलं. मला तिचा राग आला नाही आणि आजही नाहीये. गर्भात जीव आहे असं मनापासून मानणारी माणसं दुष्ट नसतात, ताईसारखी माणसं असतात. तिच्या बाजूने बघितलं तर देव एकीच्या ओंजळीत टाकतो आणि ती बोटं उघडते, तिने ते कसं सहन करायचं? पण नऊ महिने माझ्या अंगात वाढवून, बाळंत होऊन, मग ते मूल दर दिवाळीला समोर बघायचं आणि माझ्या पोरीला काय सांगायचं? मी फक्त म्हणाले, "ताई, मला नाही जमणार." ती "बरं" म्हणाली आणि ठेवला फोन.

जबाबदारी या शब्दावर मी तेव्हा खूप विचार केला. लोक जबाबदारी म्हणतात तेव्हा त्यांना शिक्षा म्हणायचं असतं, चूक केलीस ना मग आता वाढव. मूल ही शिक्षा कशी असू शकते? आणि शिक्षाच असेल तर ती फक्त बाईला का? १८६३ साली याच पुण्यात जोतिबा आणि सावित्रीबाईंनी फसवल्या गेलेल्या विधवांसाठी घर उघडलं, गुपचूप येऊन सुखरूप बाळंत व्हायला, कारण ज्याच्यापासून दिवस गेले तो पुरुष घरात मान ताठ करून वावरायचा आणि बाई विहीर जवळ करायची. दीडशेच्या वर वर्षं झाली. खुर्च्या दोन आहेत, प्रश्न एकाच खुर्चीला.

मैत्रिणीने दुसऱ्या डॉक्टर सुचवल्या. त्यांनी तारीख बघितली, ब्लडग्रुप आणि हिमोग्लोबिन करायला लावलं, ग्रुप निगेटिव्ह असेल तर अँटी डीचं इंजेक्शन लागतं, माझा पॉझिटिव्ह. मग नवऱ्याला दोन मिनिटं बाहेर पाठवलं आणि विचारलं, "हा तुमचा स्वतःचा निर्णय आहे ना? कुणाचं प्रेशर नाही ना?" मी हो म्हटलं. संमतीच्या फॉर्म सी वर माझी सही, एवढंच. नऊ आठवड्यांच्या आत होते म्हणून गोळ्यांनी होणार होतं.

पहिली गोळी त्यांच्या समोर, शनिवारी सकाळी. काहीच झालं नाही, थोडी मळमळ. सोमवारी सुट्टी टाकली, पोर शाळेत, नवरा घरी. दुसऱ्या चार गोळ्या गालात ठेवायच्या, दोन इकडे दोन तिकडे, अर्धा तास, मग उरलेलं पाण्याने गिळायचं. खडू तोंडात धरल्यासारखी चव. अर्धा तास बोलता येत नाही, मी सोफ्यावर आणि नवरा खाली जमिनीवर बसून घड्याळ बघत होता. दीड तासाने थंडी वाजायला लागली, दात वाजत होते, दोन गोधड्या घातल्या त्याने. मग कळा. पाळीच्या दुखण्यापेक्षा जास्त, बाळंतपणापेक्षा खूप कमी. पेनकिलर दिलेली होती ती वेळेवर घ्या, सहन करत बसू नका. गाठी पडतात, ते बघून घाबरायला होतं पण डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. तासाला दोन पॅड पूर्ण भिजायला लागले आणि असं सलग दोन तास झालं, किंवा ताप उतरलाच नाही, तर लगेच यायचं, रात्र असली तरी. माझ्यावर तशी वेळ आली नाही. संध्याकाळपर्यंत कमी झालं, थोडं थोडं बारा तेरा दिवस चालू राहिलं. पंधरा दिवसांनी परत सोनोग्राफी, पिशवी साफ. हे तपासून घेणं टाळू नका, कधीकधी थोडं राहतं आणि मग क्युरेटिन, म्हणजे पिशवी आतून साफ करावी लागते.

त्याच व्हिजिटला डॉक्टरांनी पुढचं विचारलं. मी म्हटलं माझंच ऑपरेशन करून टाका. तेव्हा नवरा म्हणाला, "माझं करूया." डॉक्टर जरा थांबल्या, म्हणाल्या असं म्हणणारे फार क्वचित येतात. घरी येऊन बघितलं तर राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात, २०१९ ते २१ च्या, बायकांची नसबंदी ३७.९ टक्के आणि पुरुषांची ०.३. आणि पुरुषांचं ऑपरेशन सोपं, बिनटाक्याचं, भूल फक्त तेवढ्या जागेपुरती, अर्ध्या तासात बाहेर.

सरकारी दवाखान्यात केलं. मी काउंटरला विचारलं माझी सही कुठे करायची, तर तिथला माणूस म्हणाला, "तुमची कशाला? त्यांचं ऑपरेशन, त्यांची सही." मी तिथेच बाकड्यावर बसले आणि मला त्या रिपोर्टची घडी करणाऱ्या मुलीची आठवण आली.

ऑपरेशन झालं की लगेच मोकळं असं नसतं, तीन महिने कंडोम वापरावाच लागतो आणि मग वीर्य तपासून शून्य आलं की झालं. आमचं शून्य आलं. अशक्तपणा वगैरे काही आला नाही, तो गणपतीत डोक्यावर पाट घेऊन तीन मजले चढला.

ताई अजून माझ्याशी पूर्वीसारखी बोलत नाही. येते, पोरीसाठी फ्रॉक आणते, माझ्याकडे बघून हसते पण बसत नाही. मी तिला वेळ देतेय.

सासूबाईंना गर्भपाताचं ताईकडून कळलंच होतं, त्या त्यावर अवाक्षर बोलल्या नाहीत. पण लेकाच्या ऑपरेशनचं कळल्यावर फोन आला, खूप चिडल्या होत्या. "पुरुष माणूस कशाला कापून घेतो? माझं झालं, तुझंबी झालं असतं, बायकांचंच असतंय ते." मी ऐकून घेतलं. मग जरा वेळ काहीच बोलल्या नाहीत, मागे गोठ्यातल्या म्हशीचा आवाज येत होता. मग विचारलं, "किती दिस बसून राहायला सांगितलंय त्याला?"

म्हटलं, "दोन दिवस आराम, आठवडाभर जड उचलायचं नाही."

"शिबिरात झालं माझं," त्या म्हणाल्या, "बैलगाडीतनं घरी आणली. तिसऱ्या दिवशी भांगलायला गेले मी."