आभाळ बर्न होतंय, काय करू?

बेळगावजवळच्या राजहंसगडावरचा फोटो स्टेटसला टाकला की कुणी ना कुणी विचारतंच, आणि परवा तर शेजारच्या काकूंनी गेटातच धरलं, "आमच्यात एक तर आभाळ पांढरंफटक नाहीतर शेत काळंकुट्ट, तुझ्यात दोन्ही कसं येतंय रे?" कॅमेरा महागातला असणार हे त्यांनी स्वतःच ठरवून टाकलं होतं. महागातला नाही हो, सेकंडहँड घेतलेला आहे, आणि माझेही पहिल्या दोन वर्षांतले फोटो बघाल तर आभाळ बहुतेक कोरा कागद.

होतं काय, तर येळ्ळूरच्या बांधावर उभं राहून आपण ढग बघतो तेव्हा बुबुळ बारीक होतं, खाली भाताकडे बघितलं की मोठं होतं, आणि मेंदू दोन्ही असं जोडतो की आपल्याला पत्ता लागत नाही. कॅमेऱ्याला एका क्लिकला एकच माप. तो समोरच्या उजेडाची साधारण सरासरी काढतो, म्हणजे फ्रेममध्ये काळी माती जास्त आली की "अंधार आहे" समजून उजेड वाढवतो आणि आभाळ बर्न, म्हणजे पांढरंफटक. आभाळ जास्त आलं की उलटं.

मी करतो ते एवढंच की आधी आभाळ वाचवतो. कारण एकदा पांढरं झालेलं आभाळ म्हणजे तिथे माहितीच उरलेली नाही, घरी येऊन कितीही सरकवा, फार तर राखाडी होईल, ढग काही येणार नाहीत. काळ्या जमिनीत मात्र बरंच काही दडलेलं असतं, फोटो रॉमध्ये (कॅमेऱ्यानं टिपलेली सगळी माहिती जशीच्या तशी ठेवणारी फाइल) काढला असेल तर ते वर काढता येतं, थोडे दाणे, म्हणजे रवाळ ठिपके दिसतात, दिसू देत. म्हणून एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (कॅमेऱ्यानं ठरवलेला उजेड कमी-जास्त करायची सोय) उणे १ ला, कधी उणे २ ला (१ स्टॉप म्हणजे उजेड निम्मा, २ म्हणजे पाव) आणि हिस्टोग्राम, म्हणजे डावीकडे काळं नि उजवीकडे पांढरं किती ते दाखवणारा आलेख, उजव्या भिंतीला धडकत नाही ना एवढं बघायचं. स्क्रीनवर विश्वास ठेवू नका, उन्हात ती काहीही दाखवते. मोबाइल असेल तर आभाळावर बोट दाबून धरायचं, लॉक झालं की उजेड खाली ओढायचा, बस.

मग लोक म्हणतात फिल्टर घे, तीन-चार फोटो काढून जोड. दोन्ही करून झालंय. अर्धा काळा अर्धा पारदर्शक असतो तो ग्रॅज्युएटेड फिल्टर, ३ स्टॉपचा म्हणजे आभाळाचा उजेड आठव्या हिश्श्यावर, सपाट क्षितिजाला झकास, पण जांबोटीकडून चोर्ल्याला जाताना क्षितिज सपाट कुठलं, झाडांचे नि डोंगरांचे शेंडे वर घुसतात आणि तेही काळे होतात. ब्रॅकेटिंग म्हणजे ट्रायपॉडवर एक फोटो जमिनीसाठी, एक आभाळासाठी, मग घरी जोडायचे. ही काही आजची युक्ती नाही, फ्रान्सच्या गुस्ताव्ह ल ग्रेनं १८५० च्या दशकात समुद्राची आणि आभाळाची निगेटिव्ह वेगळी काढून एका फोटोत आणली होती, कारण तेव्हाच्या काचेवरच्या रसायनावर निळ्या उजेडाचा परिणाम जरा जास्तच व्हायचा आणि आभाळ पांढरं पडायचं. पण त्याला भाताचं शेत नव्हतं ना! पावसाळ्यातल्या वाऱ्यात भात एक सेकंद थांबत नाही, तीन फोटो जोडले की प्रत्येक पात्याला तीन पाती. गोकाकच्या धबधब्याला मात्र चाललं, खडक हलत नाहीत, आणि पाणी पुसट झालेलं चालतं. आणि जोडताना हात आवरा, तटबंदीच्या कडेला पांढरी झालर दिसायला लागली की समजायचं जास्त झालं.

खरं सांगू का, यातलं निम्मं काम घड्याळच करतंय. दुपारी दोनला गडावर जाऊन आभाळ-जमिनीचं भांडण सोडवत बसण्यापेक्षा पहाटे जावा, नाहीतर सूर्य बुडाल्यावर लगेच कॅमेरा गुंडाळून खाली पळू नका, पंधरा-वीस मिनिटं थांबा, आभाळ मऊ होत जातं आणि फरक आपोआप कमी होतो. सूर्य पाठीमागे घ्या. आणि माझं सगळ्यात आवडतं म्हणजे रोपलावणीच्या दिवसांतलं पाणी भरलेलं शेत, आभाळच खाली उतरलेलं असतं त्यात, जमीन काळी पडायला जागाच नाही. अशा वेळी फिल्टर पिशवीतच राहतो.

कधी कधी मी मुद्दाम जमीन काळीच ठेवतो, बुरुजाची नुसती आकृती, मागे ढग. काकूंना तो फोटो दाखवला तर म्हणाल्या, "हे बिघडलंय की रे." मी म्हटलं, नाही हो काकू, हा मुद्दाम आहे. त्यांना पटलेलं दिसलं नाही, पण रविवारी सहाला गडावर येणार आहेत, चहाचा थर्मास त्यांच्याकडे.