दोन्ही डोळ्यांचा मोतीबिंदू, आणि मधले पंधरा दिवस

मला शाळेपासूनच मोठा नंबर, दोन्ही डोळ्यांना मायनस ९ च्या आसपास. ६२ व्या वर्षी दोन्हीकडे मोतीबिंदू निघाला, काळ्या ब्लाऊजवर काळा दोरा दिसेना. मुलगा म्हणाला आई एकाच दिवशी दोन्ही उरकून टाकू, रजा एकदाच टाकतो. डॉक्टर नको म्हणाले. इन्फेक्शन क्वचितच होतं पण झालंच तर दोन्ही डोळे एकदम धोक्यात नकोत, शिवाय मोठ्या नंबरला डोळ्यात बसवायच्या लेन्सचं गणित थोडं इकडंतिकडं होऊ शकतं, पहिल्याचा रिझल्ट बघून दुसऱ्याची लेन्स ठरवता येते. मला पटलं.

जानेवारीच्या सुरुवातीला उजवा झाला, दुखलं काहीच नाही. भोगीला डोक्यावरून अंघोळ बंद, आणि अक्षता सोहळ्याला सोलापूरच्या सिद्धेश्वरला पण गेले नाही, त्या गर्दीत एखादा तांदूळ डोळ्यात उडाला तर काय घ्या, टीव्हीसमोरच हात जोडले.

खरा त्रास मधल्या दिवसांचा, तो आधी कुणी सांगितलाच नव्हता. उजव्याला लांबचं लख्ख, डाव्याला तोच जुना नंबर. चष्मा घातला की उजव्याला सगळं धूसर, म्हणून चष्मेवाल्याकडून उजवी काच काढून आणली तर एका डोळ्याला माणूस मोठा दिसतोय दुसऱ्याला लहान, दोन्ही जुळेचनात, जिन्यात गरगरायला लागलं. शेवटी चष्माच ठेवून दिला. चहा गाळताना धार कपाच्या बाहेर, दोरा ओवताना तो सुईच्या पुढनंच जायचा. माघातल्या लग्नांची ब्लाऊजं घेऊन बसले होते, दोघीजणींना कापड तसंच परत दिलं, फार वाईट वाटलं ओ.

दुसरा डोळा महिन्याने ठरला होता. चेकअपला हे सगळं सांगितलं तेव्हा डॉक्टर म्हणाले उजवा छान भरलाय, नंबरपण अंदाजाप्रमाणे आलाय, मग १५ व्या दिवशी डावा केला. म्हणून मोठा नंबर असणाऱ्यांनी पहिल्या ऑपरेशनच्या आधीच विचारा, मधल्या दिवसांत मी बघू कशी, दुसऱ्या डोळ्याला कॉन्टॅक्ट लेन्स चालेल का, तारीख अलीकडे घेता येईल का.

नंतर ड्रॉप्सची कसरत, उजव्याला दिवसातून ३ वेळा, डाव्याला ६ वेळा. सुनेने उजव्याच्या बाटलीला लाल दोरा बांधला आणि फ्रिजवर दोन वेगळे कागद लावले, तिच्यामुळे एकही वेळ चुकली नाही.

दीड महिन्याने जवळचा चष्मा मिळाला. आधी बारीक काम चष्मा काढून करायची, आता शिवायला चष्मा आणि रस्त्यात मोकळे डोळे. परवा काळ्या ब्लाऊजला काळ्या दोऱ्याने हुक लावले, सहाच्या सहा.