तुम्ही विचारलंत म्हणून : मोठं घ्यावं की लहान?

एसटी थांब्यासमोर माझं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे, वणी तालुक्यात. फोन दुरुस्तीला टाकून माणूस बाकावर टेकला की त्याची नजर माझ्यामागच्या काचेच्या कपाटाकडे जाते. त्यात हातात धरून खेळायचे व्हिडिओ गेम ठेवलेत, जुने-नवे मिळून नऊ. मग प्रश्न येतोच, "भाऊ, यातलं मोठं चांगलं का लहान?" कॉलेजची पोरं विचारतात, लेकराच्या हट्टापायी आलेले बाप विचारतात. मी सांगायला लागतो तोवर त्यांचा फोन तयार होतो आणि उत्तर अर्धं राहतं. म्हणून एकदा सगळं लिहून काढतोय.

सगळे आधी पडद्याचे इंच विचारतात. मी म्हणतो, आधी अंगठा बघा. गेम दोन्ही हातांत नेहमीसारखा धरा आणि तळहात न हलवता अंगठा सगळ्या बटणांवर फिरतो का ते पाहा. आमच्या गावचा वाढई कुऱ्हाडीला दांडा बसवायच्या आधी ती चालवणाऱ्याची मूठ बघायचा. बाप आणि लेक एकाच घरचे, पण दांडे वेगळे. गेमचंही तसंच आहे.

माझ्या हातात पहिला गेम आला तो रंगनाथस्वामींच्या जत्रेतला ब्रिक गेम, म्हणजे वरून पडणारे तुकडे रचायचा. उभा, वर पडदा, डावीकडे दिशेची बटणं, उजवीकडे तुकडा फिरवायचं एक मोठं गोल बटण. पडद्यावर दहा उभ्या आणि वीस आडव्या ओळींचे काळे चौकोन, एवढंच. पेन्सिल सेल उतरले की आम्ही ते उन्हात ठेवायचो आणि आणखी थोडं खेळायचो. त्या मोठ्या गोल बटणाची जागा अंगठ्याला अजून आठवते.

गेम बॉय मी फार नंतर पाहिला. निन्टेन्डोने तो १९८९ साली काढला. १४८ मिलिमीटर उंच, ९० रुंद, ३२ जाड. म्हणजे खिशात जेमतेम मावणारी वीट. पण त्याचा उजवा खालचा कोपरा गोल केलेला आहे, तळहात टेकतो बरोबर तिथे. ए आणि बी ही बटणं तिरकी बसवलीत, कारण अंगठा सरळ रेषेत चालत नाही, कमानीत फिरतो. डावीकडचं अधिक चिन्हासारखं बटण निन्टेन्डोच्याच गुनपेई योकोई यांचं. १९८२ च्या डॉन्की कॉन्ग या घडीच्या गेम अँड वॉचवर (निन्टेन्डोचे गेम बॉयच्या आधीचे हातातले गेम) ते पहिल्यांदा आलं आणि आजही जवळपास प्रत्येक गेमवर कुठल्या ना कुठल्या रूपात आहे. लगेच १९९० मध्ये सेगा या दुसऱ्या कंपनीने गेम गिअर आणला. रंगीत पडदा, मागून उजेड, आकाराने मोठा. पण त्याला सहा सेल लागायचे आणि ते तीन ते पाच तासांत संपायचे. गेम बॉयला चार सेल लागत आणि ते दहा तासांहून जास्त चालत. ज्या घरात सेल आधी टॉर्चमध्ये जायचे, त्या घराला यातलं कोणतं परवडलं असतं हे सांगायला नको.

कपाटातला माझा सगळ्यात लाडका मात्र गेम बॉय ॲडव्हान्स एसपी, २००३ चा. आतेभावाने नागपूरला वापरलेला घेतला होता, नंतर मला दिला. मिटला की साधारण ८५ बाय ८२ मिलिमीटर, वजन १४२ ग्रॅम. सदऱ्याच्या खिशात बसतो. पडदा आत मिटत असल्यामुळे वावरातली धूळ त्याला लागत नाही. रब्बीत शेतीची लाइन रात्रीची असते, तेव्हा हरभऱ्याला पाणी द्यायला गेलो की मोटार चालू करून, स्प्रिंकलरचे पाइप बदलायच्या वेळेपर्यंत जागं राहावं लागतं. त्या रात्री मी एसपीवर काढल्या. उजेड चालू ठेवून चार्जिंग दहा तास पुरतं आणि उजेड बंद करायला वेगळं बटण आहे. त्यात हेडफोनचं साधं भोक दिलेलं नाही, ही त्याची खोट लोक नेहमी सांगतात. मला ती कधी जाणवली नाही. रात्री वावरात कान मोकळेच ठेवावे लागतात. रानडुक्कर तुरीत शिरलं तर आधी आवाजच येतो.

पण म्हणून जेवढं लहान तेवढं चांगलं, असं समजू नका. २००५ चा गेम बॉय मायक्रो ८० ग्रॅमचा आहे, १०१ मिलिमीटर लांब आणि ५० रुंद. दिसायला दागिना. माझ्यासारख्या डवरा धरलेल्या हातात तो हरवतो. दोन्ही अंगठे एकमेकांजवळ येतात, मनगटं आत वळतात आणि अर्ध्या तासात करंगळीच्या बाजूने कळ येते. लहान हाताच्या लेकराला मात्र तोच बरोबर बसतो, हे मी पुतण्याच्या हातात देऊन पाहिलंय.

आता मोठे. सोनीचा पहिला पीएसपी २८० ग्रॅमचा होता. २००७ मध्ये त्यांनी तो १८९ ग्रॅमवर आणला आणि पडदा तोच ४.३ इंचांचा ठेवला. कंपनी मनावर घेते तेव्हा काय होतं, त्याचं हे चांगलं उदाहरण. उलट निन्टेन्डोचा २०१७ चा स्विच पाहा. ६.२ इंचांचा पडदा, दोन्ही बाजूंना लागणाऱ्या बटणांच्या तुकड्यांसकट (त्यांना जॉय-कॉन म्हणतात) ३९८ ग्रॅम, जाडी १३.९ मिलिमीटर. २०२५ च्या स्विच २ चा पडदा ७.९ इंचांवर गेला, वजन ५३४ ग्रॅमवर, पण जाडी तीच. रुंद आणि जड झालं, तरी मागे तळहाताला धरायला काही वाढलं नाही. माझ्या मते हे चुकलं. व्हॉल्व्ह कंपनीचा पहिला स्टीम डेक कागदावर त्याहून जड आहे, ६६९ ग्रॅम, आणि मुठीजवळ जाडी ४९ मिलिमीटर. तरी तो हातात बरा वाटतो, कारण दोन्ही बाजूंना भरीव मुठी आहेत. पकड बोटांच्या टोकांवर येत नाही, भार तळहात घेतो. पातळ हँडल असलेली भरली बादली आणि जाड हँडल असलेली भरली बादली उचलून बघा, लगेच कळेल.

मोठा घेणाऱ्यांना माझं एक सांगणं असतं. आपला उन्हाळा ध्यानात घ्या. जुलै २०२२ मध्ये बाहेरच्या देशांत उष्णतेची लाट आली, तेव्हा स्टीम डेक आणि स्विच या दोघांच्याही कंपन्यांनी सांगितलं होतं की भोवतालचं तापमान ३५ अंशांच्या आत असावं. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास असतो. या गेमच्या पोटात पंखा असतो, आणि पंखा खोलीतलीच हवा ओढतो. कूलरसमोर बसणार असाल तर ठीक, टिनाखाली दुपारी तर मुळीच नको. पंखा नसलेल्या, साध्या चिपच्या लहान गेमना ही भानगड फारशी नाही.

"मग फोन काय वाईट?" हाही प्रश्न येतो. त्याचं उत्तर मला शेजारच्या वहिनींनी दिलं. कापूस वेचून वेचून त्यांच्या बोटांची टोकं बोंडांनी चिरलेली असतात, कातडं कोरडं आणि खरबरीत झालेलं. त्या म्हणाल्या, "भाऊजी, फोन माह्यं आयकतच नाही. बोट टेकवतो त दोनदा, तीनदा टेकवा लागते." मी त्यांच्या हातात मियू मिनी दिला. २.८ इंचांचा पडदा, उभा, मुठीत मावणारा, खरी दाबायची बटणं. विटा रचायचा खेळ लावून दिला. बटण दाबलं की बोटाला कळतं, दाबलं म्हणून. चिरलेल्या बोटालाही कळतं. वेचणीच्या दिवसांत तो त्यांच्याकडेच असतो, आठवड्यातून एकदा चार्जिंगची पिन सैल झाली का ते दाखवायला येतात.

तेव्हा तुमच्यासाठी कोणता, ते मी इथून सांगू शकत नाही. वावरात, एसटीत, खिशातून नेऊन खेळायचा असेल तर एसपीएवढा बघा. घरी, लाइन असताना, कूलरसमोर खेळायचा असेल आणि हात मोठे असतील तर डेकसारख्या मुठींचा. लेकरासाठी मोठाच हवा असेल, तर स्विचचाच लहान भाऊ, स्विच लाइट, त्याच्या मापाच्या पुढे जाऊ नका. तो २७५ ग्रॅमचा आहे, दहा वर्षांचं लेकरू पेलतं.

आणि विकत घ्यायच्या आधी दुकानात या. कोपर कुठेही न टेकवता दहा मिनिटं हातात धरून बसा. बुधवारी बाजार असतो, गर्दी होते. बाकी कधीही या, कपाटाला कुलूप नसतं.